व्हिस्कीच्या पिंपातली सिगार

गौरवी गोव्यातल्या मांद्रे गावच्या हॉटेलात पाहुण्यांना कोणत्या सिगारबरोबर कोणती व्हिस्की घ्यावी ते सांगते, हे घरी ठाऊक नव्हतं. मुलीचं असलं काम आईला रुचलं नसतं, म्हणून घरच्यांसाठी ती रिसेप्शनवर होती. त्या संध्याकाळी पेटती सिगार हातात धरून ती सांगत होती, "हिचा तंबाखू व्हिस्कीच्या पिंपात मुरवलाय. आधी गूळ लागतो, मग करवंटीचा धूर." तेवढ्यात बारमध्ये फेणी पोचवायला आलेले बाबा समोर दिसले.

जन्मभर मये गावात काजूच्या फेणीची भट्टी लावणारे बाबा जवळ आले. त्यांनी आधी टेबलावरचा व्हिस्कीचा ग्लास हुंगला, मग सिगार.

"धूर करवंटीचो न्हय गो, ओल्या लाकडाचो."

"हे तुमचे गुरू?" एका पाहुण्याने विचारलं.

"माझे बाबा," ती म्हणाली.

जाताना बाबा हळूच म्हणाले, "तुझ्या आवशीची समजूत मी घालतंय."