पिशवीचं दुखणं

पौर्णिमाने खुब्याच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला आणि तानाबाई कळवळून उठून बसली.

"हेच दुखनं, बाई. हेच."

चौदा वर्षं ओटीपोटात ठणकणारी कळ त्या एका अंगठ्याखाली सापडली होती.

पौर्णिमा वर्ध्याच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. तिने समजावून सांगितलं. खुब्याचा सांधा आखडलाय, त्यामुळे ओटीपोटाचे स्नायू सारखे आवळलेले राहतात; व्यायामाने सुटतील. गर्भपिशवीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. हे शेवटचं सांगताना तिने कागदावरची नजर वर केली नाही.

पिशवी काढली तेव्हा तानाबाई सत्तावीस वर्षांची होती. अजून मूल झालेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाला, पिशवी गेली की दुखणंही जाईल. पिशवी गेली, दुखणं राहिलं. दोन वर्षांनी नवऱ्याने, नत्थूजीने, दामिनीला घरात आणलं. तिला दोन मुलं झाली. दोन्ही बाळंतपणं तानाबाईनेच निस्तरली, स्वतःचं पोट दाबून धरत.

घरी तिने काहीच सांगितलं नाही. आपली पिशवी फुकटच गेली, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? सेलूच्या बाजाराचं निमित्त काढून ती वर्ध्याला जाऊ लागली. दुपारी सगळे शेतात गेले की दार लावून गुडघे छातीशी घ्यायची, श्वास सोडत अंग सैल करायची. चार महिन्यांत कळ गेली. दिवसभर वाकून कापूस वेचला तरी काही दुखेना. नत्थूजी म्हणाला, सुटली बिचारी एकदाची.

दामिनीचं मात्र धाकट्याच्या वेळेपासून ओटीपोट दुखत होतं. नत्थूजीने तिला त्याच डॉक्टरकडे नेलं. सोमवारी पिशवी काढायचं ठरलं.

रविवारी सकाळी दामिनी तानाबाईजवळ येऊन टेकली. एका अंगावर भार टाकून, एक पाय लांब करून. ते बसणं तानाबाईच्या ओळखीचं होतं. अंगठा कुठे दाबायचा, हेही तिला दिसत होतं.

दामिनीने आधी भीती वाटते म्हणून सांगितलं. मग हळूच विचारलं, "ताई, तुमचं दुखनं कायनं गेलं?"

अंगणात दोन्ही पोरं खेळत होती. तानाबाईने त्यांच्याकडे पाहिलं.

"पिशवी काढली होती ना, त्यानंच," ती म्हणाली. "जरा टाइम लागते."