मागे घेतलेला अर्ज

अर्ज मागे घेत असल्याच्या पत्रावर सही करायला बुरुलने पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"आके, मला तपासणीची तारीखसुद्धा मिळालीय. आठ महिने वाट पाहिलीय तिची."

समोर बसलेला ओस्मोनअली चहा फुंकत होता. तलास खोऱ्यात राजमा साफ करून, निवडून, पोत्यांत भरून परदेशी पाठवणाऱ्यांचा जो संघ होता, त्याचा तो अध्यक्ष. साठी उलटलेली, बोलणं सावकाश. लहानथोर सगळे त्याला मानाने आके म्हणत.

नवा नियम आला होता. प्रत्येक शेडमध्ये पक्की फरशी हवी, धूळ ओढणारं यंत्र हवं, आणि राजधानीतल्या कार्यालयाचं प्रमाणपत्र हवं. नसेल तर शेडला कुलूप. खोऱ्यात अशा सत्तावीस शेड होत्या. बहुतेकांना ते झेपणारं नव्हतं. बुरुलने मात्र नवऱ्यामागे राहिलेल्या दोन घोड्या विकल्या, फरशी घातली, यंत्र आणलं आणि अर्ज केला.

"तू पास होशील, मला खात्री आहे," ओस्मोनअली म्हणाला. "मग मंत्रालयातले मला म्हणतील, एका विधवेला जमलं, बाकीच्यांना काय धाड भरलीय? माझं तोंडच बंद. खोऱ्यातून एकही अर्ज नसला, तरच माझ्या बोलण्याला वजन येईल, बुरुल."

गेल्याच आठवड्यात राजधानीतले दोन साहेब त्याच्या स्वतःच्या शेडवर येऊन गेले होते. आपली सगळ्यांची अवस्था त्यांना डोळ्यांनी दाखवली, असं त्याने सांगितलं.

बुरुल खिडकीबाहेर पाहत राहिली. तिचा नवरा ताश्तान गेला, तेव्हा तुर्की खरेदीदार माल घ्यायला कचरत होते. बाई एकटी काय करणार, असं त्यांना वाटत होतं. त्या वेळी ओस्मोनअली त्यांच्यासमोर उभा राहिला आणि मालाची हमी संघाची, असं म्हणाला. सरहद्दीवर ट्रक अडकले, तेव्हा हा माणूस नऊ दिवस तिथेच झोपला होता. त्याने आजवर तिच्याकडे काहीच मागितलं नव्हतं.

तिने सही केली.

एवढ्यावर ती थांबली नाही. आणखी तिघांनी अर्ज केले होते. त्यांच्या घरी जाऊन तिने त्यांनाही समजावलं. शेजारच्या शेडचा कालमत जिभेचा तिखट होता. तो ऐकेना.

"उद्या आके म्हणाले, तर नाकही कापून देशील."

"मागितलं तर देईन," बुरुल म्हणाली. "तू अडचणीत होतास, तेव्हा कोण धावून आलं होतं, ते आठव आधी."

कालमत आत गेला. अर्जाची प्रत घेऊन आला आणि तिच्यासमोर फाडली.

मे महिन्यात नियमाच्या निषेधात सत्तावीस शेड एकाच दिवशी बंद राहिल्या. ओस्मोनअली शिष्टमंडळ घेऊन राजधानीला गेला. तो मंत्रालयात इतकं पोटतिडकीने बोलला, की सोबत गेलेल्यांचे डोळे भरून आले. चौथ्या दिवशी हुकूम निघाला. छोट्या शेडना तीन वर्षं तपासणीतून सूट.

खोऱ्यात मेंढ्या कापल्या गेल्या. मेंढीचं उकडलेलं मुंडकं मानाचं म्हणून ओस्मोनअलीपुढे मांडलं, अंगावर नवा मखमली झगा घातला. पुढच्या पाच वर्षांसाठी अध्यक्ष कोण, असा प्रश्न निघाला, तेव्हा पहिला हात बुरुलचा वर गेला.

सप्टेंबरात राजमा निघाला. शेडमध्ये पोत्यांची थप्पी छपराला टेकली. बुरुलकडच्या चौदा बायका ओळीने बसून निवडायला लागल्या, गप्पांना ऊत आला. आणि त्याच आठवड्यात तुर्की खरेदीदारांचं पत्र आलं. तुमच्या सरकारने सूट दिली असेल, पण आमच्याकडे गिऱ्हाईक प्रमाणपत्र मागतं. यापुढे तपासणी झालेल्या शेडचाच माल घेऊ.

ओस्मोनअलीने बैठक बोलावली. बोलताना त्याचा आवाज कापत होता. संघ गप्प बसणार नाही, वकिलातीत जाऊ, पत्रं पाठवू, असं तो म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या. कालमत मागच्या भिंतीला टेकून उभा होता. बैठक संपायच्या आधीच तो निघून गेला. जाताना त्याने बुरुलकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी बुरुलने बायकांना घरी पाठवलं. त्यांतली एक दारात रेंगाळली.

"एजे," थोरल्या बहिणीला मारतात तशी हाक मारून तिने विचारलं, "सोमवारी येऊ का?"

"निरोप धाडीन," बुरुल म्हणाली.

पहाटेची गाडी धरून, खिंड ओलांडून ती राजधानीला पोचली. कार्यालयात खिडकीमागे तिशीतली एक बाई होती. तिने नाव विचारलं, वही उघडली आणि ओळीवर बोट ठेवलं.

"तुमचा अर्ज तर तुम्हीच मागे घेतलात."

"पुन्हा भरायचाय. फरशी आहे, यंत्र आहे. उद्या या तपासायला."

"आता तारीख पुढच्या जूनमधली."

"तोवर माल किडून जाईल हो, ताई."

त्या बाईने पेन खाली ठेवलं. तिला वाईट वाटलेलं दिसत होतं. बुरुल खिडकीशी वाकली. मग तिने विचारलं, आमच्या खोऱ्यात एखादी तरी शेड पास झालेली आहे का? असली, तर सगळ्यांचा माल तिथून साफ करून पाठवता येईल. ती पाया पडायलासुद्धा तयार होती. नुसतं नाव कळलं, तरी पुढचं आमचे आके बघतील, असं ती म्हणाली.

"एक आहे ना, एप्रिलपासून," बाई म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. अर्ज मागे घेतल्याचं तुमचं पत्र घेऊन तुमच्या संघाचे अध्यक्ष स्वतः आले होते. ते त्यांनी इथे माझ्या हातात दिलं आणि आपल्या शेडचं प्रमाणपत्र घेऊन गेले."