निळ्या गाडीचं वजन

"पंचवीस?" रोदेल सरांनी रिझालिनची वही सगळ्या वर्गाला दिसेल अशी उंच धरली. "बघा रे, आपल्या गावात न्यूटनपेक्षा शहाणी जन्माला आली!"

वर्ग खदखदून हसला. रिझालिन गुम्बान बाकाशी उभी होती. तिने तळहाताचा घाम स्कर्टला पुसला.

प्रयोग तसा साधाच. रुळावरची छोटी लाल गाडी स्प्रिंगने सुटायची, उभ्या निळ्या गाडीवर आपटायची, तिला चिकटायची आणि दोघी मिळून पुढे सरकायच्या. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. धडकेआधी जितका, धडकेनंतर तितकाच. दोन्ही गाड्यांवर पाचशे ग्रॅमची चिठ्ठी होती. लाल गाडी सेकंदाला साठ सेंटिमीटरने यायची, म्हणजे जोडीचा वेग निम्मा, तीस. पस्तीस वह्यांत तीसच होतं. एकट्या रिझालिनच्या वहीत पंचवीस.

"सर, मी मोबाइलवर चित्रण करून मोजलं," ती हळूच म्हणाली. "चारदा. चारही वेळा पंचवीसच."

"मग चारदा चुकलीस! बाकीचे पस्तीस जण काय आंधळे आहेत?"

"ए रिझालिन, गाडीला सकाळचा पाव चारायला विसरलीस वाटतं!" मागून बेन्जो ओरडला. या वेळी सरसुद्धा हसले.

प्रांताच्या विज्ञान मेळाव्याला वर्गातून एकच नाव जायचं होतं. तिथे चमकलेल्या मुलांना कॉलेजची शिष्यवृत्ती मिळे, आणि रिझालिनला दुसऱ्या कुठल्या वाटेने कॉलेज दिसणार नव्हतं. यादीत तिचंच नाव वर होतं. सरांनी वही तिच्या हातात कोंबली. "उद्या झेंडावंदनाला बरोबर उत्तर घेऊन ये. नाहीतर बेन्जोचं नाव पाठवतो."

शाळा सुटली. सफाईची पाळी असलेली मुलं नारळाच्या सोडणाने व्हरांड्याची फरशी घासत होती. सर प्रयोगशाळा आवरायला गेले. लाल गाडी कपाटात ठेवली. निळी उचलली, आणि त्यांचा हात मध्येच थांबला.

गाडी जड होती. त्यांनी ती हलवली. आत काहीतरी खुळखुळलं.

गाडीच्या पोटाला चिकटपट्टी होती. ती त्यांनीच लावली होती, मागच्या महिन्यात, शाळा तपासायला साहेब आले तेव्हा. जड गाडीला धडक दिली की काय होतं ते दाखवायला त्यांनी मेहुण्याच्या मासेमारीच्या जाळ्याची शिशाची वजनं आत भरली होती. साहेब खूश होऊन गेले, आणि शिसं आतच राहिलं.

त्यांनी गाडी तराजूवर ठेवली. सातशे ग्रॅम. खडू घेतला. पाचशे गुणिले साठ, तीस हजार. दोन्ही गाड्यांचे मिळून बाराशे गुणिले पंचवीस, तीस हजार. जराही फरक नाही.

सर मटकन स्टुलावर बसले. या गाड्यांनी तीस येणं शक्यच नव्हतं. म्हणजे पस्तीस जणांनी उत्तर आधी लिहिलं आणि माप मागून जुळवलं. पस्तीस वह्यांवर सरांनी ताऱ्याचा शिक्का उठवला होता. खरं बोलणारी एकच, तिची धिंड काढली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. आणि चोर तरी कुणी तयार केले? "उत्तर तीस येतं, नाही आलं तर पुन्हा करा," असं पहिल्याच तासाला सांगून कॉफी प्यायला कोण गेलं होतं?

एक वाट सोपी होती. शिसं काढून टाकायचं, चिठ्ठी खरी करायची, रिझालिनचं नाव गुपचूप पाठवायचं. कुणाला पत्ता लागला नसता. सरांनी चिकटपट्टीचं टोक नखाने उचकटलंसुद्धा. मग त्यांना वर्गाचं हसणं आठवलं आणि त्यात आपलं हसणंही ऐकू आलं. त्यांना स्वतःची शिसारी आली. हसू झालं सगळ्यांसमोर, तर माफीही सगळ्यांसमोरच. त्यांनी पट्टी पुन्हा दाबून बसवली, निळी गाडी खांद्यावरच्या पिशवीत टाकली आणि प्रयोगशाळेला कुलूप लावलं.

घरी जाताना ट्रायसिकलमध्ये, म्हणजे मोटारसायकलला जोडलेल्या रिक्षात, ते सारखे पुटपुटत होते. "मुलांनो, मी चुकलो." तीनच शब्द, पण मोठ्याने म्हणायला जमेनात. ट्रायसिकलवाला म्हणाला, "काय सर, आज नवस बोलताय?" सर कसनुसं हसले.

सकाळी झेंडा चढला. सर पिशवी खांद्याला लावूनच रांगेत उभे होते. पट्टा खांद्यात रुतत होता, पण त्यांनी ती खाली ठेवली नाही. राष्ट्रगीत संपलं आणि मुलं वर्गाकडे वळली. सरांना रिझालिन दिसली. ते घाईने तिच्याकडे निघाले, तर तीच वही उघडून समोर आली. पंचवीसचा आकडा नीट खोडला होता. खाली सुबक अक्षरात तीस लिहिलं होतं.

"सर, बरोबर आलं."

पिशवीतली निळी गाडी सरांच्या बरगडीला टोचत होती. "प्रयोग... पुन्हा केलास?"

रिझालिनने पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. तिचा आवाज जराही कापला नाही.

"हो सर. आज लवकर येऊन केला, त्याच दोन गाड्यांवर. चारदा. चारही वेळा तीसच."