तोंडी परीक्षा

निजामाच्या तहसीलीत कारकुनी मिळवायची तर तोंडी परीक्षेत नात्यांची कोडी सोडवावी लागत. म्हणून उकंडराव रोज संध्याकाळी चुलीपाशी बसून कोडी म्हणायचा आणि भाकरी थापता थापता त्याच्या आधी गयाबाईच ती सोडवायची. लग्नाला दहा वर्षं होऊन लेकरू नव्हतं. एरवी नवरा तिच्याशी धड बोलतही नसे, त्यामुळं तिला या कोड्यांची भारी हौस.

आज त्यानं विचारलं, “सासूला पोरगा एकच, पण सुना दोन. त्या एकमेकींच्या कोण?”

“जावा म्हणणारा फसला,” गयाबाई खुशीत म्हणाली. “पोरगा एकच हाय, म्हंजे सवती.”

 

“बराबर,” उकंडराव चुलीकडं बघत म्हणाला. “उद्या कुरुंद्याहून येऊन राहिली ती. माय म्हणते, ओवाळायला तूच उभी राहा.”