झाकणाच्या आतली चिठ्ठी

दुरुस्तीचं दुकान नवरा-बायको मिळून चालवायचे. टीव्हीतली फ्लॅश चिप असो की वॉशिंग मशीनमधली ईईप्रॉम, तिच्यातलं जुनं पुसून नवं लिहिण्यात दोघांचाही हात धरणारं कोणी नव्हतं. दुकानाची शिस्त एकच: चिपमध्ये काय बदललं, त्याची चिठ्ठी झाकणाला आतून चिकटवायची. पुढे उघडणाऱ्याचा गोंधळ नको.

घरच्या वजनकाट्यावर मात्र बायको हल्ली उभी राहिली की नुसता उसासा टाकायची, आकडा काही केल्या सांगायची नाही. नवऱ्याचं महिन्याभरात चक्क चार किलो उतरलं होतं, तेही दोन्ही वेळा जेवणावर आडवा हात मारून!

"तुमचं बरंय हो," ती म्हणाली.

"आमचा बांधाच तसा," तो मिशीला पीळ देत म्हणाला.

पण मनातून त्याला तिची कीव आली. ती आंघोळीला गेल्याबरोबर त्याने काटा पालथा घातला, झाकण काढून बाजूला ठेवलं, आतल्या इवल्याशा चिपला क्लिप लावली आणि वजन दोन किलो कमी दिसेल असं लिहून टाकलं. आता बाईसाहेब खूश! हाताच्या सवयीने त्याने चिठ्ठीही लिहिली आणि ती चिकटवायला झाकण उलटं केलं.

आत आधीच एक चिठ्ठी होती. तारीख गेल्या महिन्याची, अक्षर बायकोचं: ‘चार किलो कमी केले. वजनापायी यांनी जेवण सोडलंय, बघवत नाही.’