उजव्या बुटाची रेघ

बायको गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, त्या दिवशी त्याची सायकल मागच्या खोलीत, जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडवर चढवलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांची सायकल क्लबसाठी चाचणी होती. आधी त्याची, मग तिची. त्यानंतर सायकल कुणी उतरवली नाही. हँडलवर टॉवेल वाळत पडू लागले.

दोन-तीन महिन्यांनी एका रविवारी दुपारी मेहुणी आली, ती टॉवेल गोळा करतच.

“भावजी, बूट घाला. क्लबवाले आज संध्याकाळपर्यंतच आकडा घेणार आहेत. नाहीतर घाटाच्या राइडमधून तुमचं नाव कापतील.”

“कापू दे.”

“कापू दे काय? ताईने भरलंय ते नाव. तुमचं आणि तिचं, एकदमच. तिचं त्यांनी कापलं. तुमचं मी कापू देणार नाही.”

तो उठला. आत जाऊन बूट घालून आला.

चाचणी साधी असते. वीस मिनिटं जीव तोडून पेडल मारायचं. पायांनी किती जोर लावला, ते पेडलच्या दांड्यावर बसवलेला मीटर सांगतो. त्या आकड्यावरून क्लब ठरवतो, हा माणूस घाट चढेल की वाटेत बसेल.

मेहुणी घड्याळ घेऊन समोर खुर्चीत बसली.

“ताई काय ओरडायची हो अशा वेळी?”

“दाब रे ढेरपोट्या.”

“अगं बाई! मी नाही हं तसलं काही म्हणणार.”

“नको म्हणूस.”

त्याने सुरुवात केली. थोड्याच वेळात उजवा पाय नीट बसत नाही असं त्याला जाणवलं. टाच आत-बाहेर हलत होती. इतके दिवस नुसतं बसून काढले, पाय सवय विसरला असेल, असं त्याला वाटलं. त्याने डावा पाय आणखी जोरात दाबला. बनियन पाठीला चिकटलं. मान खाली गेली, वेग उतरू लागला.

“दाब रे ढेरपोट्या!”

मेहुणीने ओरडून तोंडावर हात ठेवला. आवाज अगदी बहिणीचा निघाला होता. तो मान खालीच ठेवून दाबत राहिला.

वेळ संपल्यावर मेहुणीने छोट्या पडद्यावरचा आकडा वाचला. परत वाचला.

“भावजी, हा तर तुमच्या जुन्या आकड्यापेक्षा जास्त आहे. गुपचूप चालवत होतात की काय?”

“हात लावला नाही सायकलला.”

“मग कौतुकच आहे तुमचं!”

तो उतरायला गेला. डावा बूट पेडलमधून लगेच सुटला. उजवा काही केल्या सुटेना. शेवटी त्याने पाय बुटातून काढून घेतला आणि एका पायात बूट, एका पायात मोजा असा खाली उतरला. बूट पेडलला तसाच लटकत राहिला.

वाकून, हाताने पिळून त्याने बूट सोडवला आणि उलटा केला. पेडलमध्ये अडकणारी पट्टी बुटाच्या तळाला स्क्रूने आवळलेली असते. ती हाताने हलत होती. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून पट्टीवर लाल नेलपॉलिशची बारीक रेघ ओढलेली होती. त्या रेघा बायकोच्या. स्क्रू जरा फिरला की रेघ तुटलेली दिसते. चाचणी असो की लांबची राइड, ती आधी दोघांचे बूट उलटे करून बघायची.

डाव्या बुटाच्या रेघा सरळ होत्या. उजव्याच्या तुटलेल्या.

“उजव्याचा जोर लागलाच नाही,” तो म्हणाला. “सगळं डाव्यानेच ओढलं.”

“मग आकडा एवढा कसा?”

“मीटर डाव्या दांड्यालाच आहे. डाव्याचा जोर मोजतो आणि दुप्पट करून सांगतो.”

“आणि उजवा?”

“उजवा आहेच, असं धरून चालतो.”

मेहुणीच्या हातातलं घड्याळ अजून चालूच होतं. तिने ते बंद केलं.

“हाच पाठवून देऊ या का? कुणाला कळणार आहे?”

“घाटाला कळेल.”

“मग परत द्या चाचणी. चहा घ्या, पाय मोकळे करा. वेळ आहे अजून. तोवर मी स्क्रू आवळते.”

“मी आवळतो.”

तो ॲलन की घेऊन जमिनीवर बसला. बूट मांडीवर घेतला. स्क्रू एकेक करून घट्ट बसले, पण रेघा जुळल्या नाहीत. स्क्रूवरची रेघ एकीकडे, पट्टीवरची दुसरीकडे. त्याने जोर लावून पाहिला. स्क्रू आणखी फिरेनात.

“नवीन ओढावी लागेल,” मेहुणी म्हणाली. “माझ्या पर्समध्ये आहे नेलपॉलिश. गुलाबी आहे, चालेल?”

“गुलाबी नको.”

“मग ताईची बाटली कुठाय?”

“कपाटात.”

मेहुणी उठली, दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. मग परत येऊन खुर्चीत बसली.

“ते तुम्हीच उघडा,” ती म्हणाली.

त्याने बूट शेजारी ठेवला. संध्याकाळ व्हायला अवकाश होता. सायकल स्टँडवर होती, स्क्रू आवळून झाले होते. कपाट उघडायचं राहिलं होतं.