नोराची खळ

"हात वर! पिवळं दिसलं पाहिजे मला!" वॉर्डाचा नगरसेवक मायलर गिलफॉइल खुर्च्यांतून ओरडला. खुर्च्या दोन होत्या; एकीत तो मावत नसे.

ओहायो नदीकाठच्या आमच्या आठव्या वॉर्डातले पुरुष पिवळी चिठ्ठी झेंड्यासारखी वर धरून मतपेटीकडे सरकत होते. तेव्हा चिठ्ठ्या सरकार छापत नसे, पक्ष छापत. गिलफॉइलच्या पक्षाची पिवळी, वेकमन वकिलाच्या पक्षाची गुलाबी. हातात गुलाबी दिसली की दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचं काम गेलंच. मागच्या खेपेला वॉर्डात पुरुष आठशे होते आणि गिलफॉइलला मतं पडली हजार. वरचे दोनशे दफनभूमीतून आले होते. रांगेत तेच सगळ्यांत शिस्तीत उभे होते म्हणतात.

बार्टली टूही दात आवळून पुढे आला. नगरपालिकेच्या रस्त्यांवर खडी फोडणारा माणूस. मार्चमध्ये त्याचा धाकटा भाऊ कॉन घोडागाडीसकट पुलातून खाली गेला होता. पूल गिलफॉइलच्या मेहुण्यानं बांधलेला, कुजक्या फळ्यांचा.

"काय रे टूही, थोबाड का सुजलंय?" गिलफॉइल खिदळला. "भाऊ गेला म्हणून? अरे, कॉन सकाळीच येऊन मत टाकून गेला! तुझ्याहून इमानी निघाला."

बार्टलीच्या मुठी वळल्या. पण त्यानं चिठ्ठी पेटीत टाकली. पिवळीच.

संध्याकाळी पेटी उघडली. सगळं पिवळंधमक. गिलफॉइलनं चिरूट पेटवला. मग मोजणाऱ्याचा हात थांबला. चिठ्ठीवर गिलफॉइलच्या नावावर कागदाची बारीक पट्टी चिकटवलेली होती: थेरन वेकमन. पुढच्या चिठ्ठीवरही. तिच्या पुढच्याही.

छापलेल्या नावावर दुसऱ्या नावाची पट्टी चिकटवणं कायद्यानं चालत होतं. पट्ट्या वेकमननं छापल्या, खळ बार्टलीच्या बायकोची. नोरा वॉर्डाचे शर्ट धुवायची. मतदानाआधीच्या आठवड्यात शर्ट ढिगानं आले, प्रत्येकाच्या खिशात पक्षानं आधीच वाटलेली एक पिवळी चिठ्ठी. कुणी तोंडातून शब्द काढला नाही. नोरानं कॉलरच्याच खळीनं पट्ट्या चिकटवल्या आणि वरून अशी इस्त्री फिरवली की माशीलाही सांधा सापडू नये.

गिलफॉइल अकरा मतांनी पडला. दोन्ही खुर्च्या मोडल्या.

सकाळी बार्टली वेकमनच्या कचेरीत गेला. "साहेब, तेवढा पूल."

"होणार! आधी सांग, शर्ट कुणाकुणाचे होते? अशा माणसांना विसरून कसं चालेल?"

बार्टलीनं छाती फुगवून एकेक नाव सांगितलं. वकिलानं लिहून घेतलं आणि कागद कोपऱ्यातल्या माणसाकडे दिला.

"यांना कामावरून काढा, या टूहीसकट. आज गिलफॉइलला फसवलं, उद्या मला फसवतील. त्या जागांवर आपली माणसं घ्या. आणि हो, पुलाचं कंत्राट तुम्हालाच."

कोपऱ्यातला माणूस उठला. त्याच्या कोटाला ताजं गुलाबी फूल होतं. तो गिलफॉइलचा मेहुणा होता.

घरी येऊन बार्टलीनं लाथेनं बादली उडवली. भिंतीवर डोकं आपटलं. "माझ्याच तोंडानं नावं दिली गं! माझ्याच!"

नोरानं त्याला पुरतं ओरडू दिलं. मग पातेलं चुलीवर ठेवलं, त्यात पीठ टाकलं आणि ढवळायला लागली.

"गुलाबी कागदालाही खळ धरते," ती म्हणाली.